अठ्ठेचाळीस नावं, एक पेन ड्राइव्ह

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

सकाळपासून सहावा माणूस! "मॅडम, माह्या कॉम्प्युटरवर लिहून येऊन राहिलं, चौदा ऑक्टोबर आखरी. त्याच्यानंतर बंद पडते का?"

बंद पडत नाही हो. चालतो. फक्त विंडोज दहा बनवणारी कंपनी त्या तारखेनंतर त्याची डागडुजी थांबवणार, आणि अकरा नंबरचं विंडोज या जुन्या मशिनींवर चढत नाही. एवढंच. पण सहा वेळा सांगून माझाच घसा बसला.

तारीख मात्र भारी निवडली! चौदा ऑक्टोबर. आमच्या घरात ही तारीख एकाच गोष्टीची — छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्या दिवसाची. त्या कंपनीत कोणाला माहीत असणार म्हणा.

दुकान बंद करता करता दर्यापूरचे खुशालराव आले. सीपीयू गोणपाटात गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत आणलेला. बाळंतिणीलाही कोणी इतकं जपून आणत नाही. "नवा घ्या," मी म्हटलं. हेच सगळ्यांना म्हणते, दुकान आहे माझं.

"काहून?" म्हणाले. "इंजिन चांगलं हाय, बॉडी चांगली हाय. ड्रायव्हर रिटायर झाला म्हून कोनी गाडी फेकते का व बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. वीस वर्षं या धंद्यात आहे — आणि सुचलं नाही! राग आला. त्यांचा नाही, माझा.

१० सप्टेंबर

दुसरा ड्रायव्हर आहे की. लिनक्स. विंडोजच्या जागी चालतो, आणि फुकट.

अमरावतीला पॉलिटेक्निकला होते तेव्हा एक धडा होता त्यावर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सतरा आज्ञा पाठ करायच्या. पाठ केल्या, मार्क घेतले, विसरले. त्यानंतर आयुष्यात तोंड पाहिलं नाही त्याचं. आज दुपारी "मिंट" नावाचा प्रकार उतरवून घेतला, पेन ड्राइव्हवर टाकला. म्हणतात, इन्स्टॉल न करताच चालवून पाहता येतो! खोटं वाटतं. उद्या पाहू.

११ सप्टेंबर

चाललं. काहीही न पुसता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून! खुशालरावांच्याच मशीनवर. वायफाय सापडलं. आणि प्रिंटर — दुकानातला तो जुनाट प्रिंटर, ज्याची सीडी शोधण्यात माझी अर्धी हयात गेली — तो त्यानं आपणहून ओळखला. मी केबल काढून परत लावली. परत ओळखला. तिसऱ्यांदा लावली तेव्हा शेजारचा चहावाला विचारतो, "ताई, काय खराब झालं?" म्हटलं, काहीच नाही, तेच तर पाहतेय.

आवाज मात्र आला नाही. दीड तास घालवला तेव्हा आला. म्हणजे देव नाही हा, माणसांनीच केलेला आहे.

१२ सप्टेंबर

कोणी केलेला? हेच डोक्यात बसलंय. आज गिऱ्हाईक कमी होतं, वाचत बसले. नावांच्या याद्याच याद्या. काही जण कंपन्यांचे पगारी आहेत, काही घरी बसून करणारे. कोणी एक छोटी चूक दुरुस्त केली, त्याचंही नाव. आतलं सगळं लिखाण उघडं — कोणीही वाचा, कोणीही बदला, कोणालाही द्या. तसं लिहूनच दिलंय.

का करत असतील? जेवताना नवऱ्याला, ललितला सांगितलं. त्याची आज परतवाड्याची ड्यूटी होती, कंडक्टरकीचा शीण चेहऱ्यावर. "फुकट कोनी काई देत नाई," म्हणाला. "काईतरी गोम असनच."

मलाही तसंच वाटतं. पण गोम सापडत नाहीये. शोधायला मजा येतेय, हे खरं.

१४ सप्टेंबर, रविवार

खुशालराव मशीन घेऊन गेले. सोयाबीनचे भाव पाहिले, पुण्याच्या नातीशी बोलून झालं. मी समोर उभी, परीक्षेला बसल्यासारखी. शेवटी म्हणाले, "बाकी झकास. पन माहे पत्ते कुठी गेले?"

पत्त्यांचा खेळ! तो टाकून दिला तेव्हा उठले.

१६ सप्टेंबर

आज लिहायचं ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, चंद्रभान गुरुजी, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. पंच्याहत्तरी गाठली. नऊ वर्षांपासून दोन बोटांनी एक पुस्तक टाइप करताहेत. तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावाचं पुस्तक. छप्पन साली गावातून जे अठ्ठेचाळीस जण पायी अन् बैलबंडीनं अकोल्याला आले, तिथून आगगाडीनं नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परतले — त्या एकेकाचं नाव, वय, कोण कुठला, परत आल्यावर काय केलं. घरोघर फिरून गोळा केलेलं. अकराव्या नंबरावर त्यांचे वडील, पुंजाजी. येत्या चौदा ऑक्टोबरला गावच्या विहारात प्रकाशन आहे. मामाजी अठ्ठेचाळीस नावं उभ्यानं वाचणार.

आज मी त्यांना विंडोजची भानगड सांगत होते. ते म्हणाले, "माह्या मशीनले काई होत नाई ना? ते तर ओरिजनल हाय."

मी चहा ठेवायला उठले.

ते ओरिजनल नाही. सोळा साली मीच टाकलं होतं, सगळ्यांना टाकून द्यायची तसंच — चोरीचं. तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, "रश्मी, हे ओरिजनलच हाय ना?" आणि मी हो म्हटलं. नुसतं हो म्हणून थांबले नाही. भंगारात निघालेल्या एका सीपीयूवरचं चमकतं स्टिकर ब्लेडनं उचललं आणि त्यांच्या मशीनवर चिकटवलं. त्यांनी ते बोटानं चाचपून पाहिलं होतं. खूश झाले होते.

हा माणूस रोज सकाळी पंचशील म्हणतो. मोठ्यानं. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही — आणि मीही कुकर लावता लावता मागून म्हणते. नऊ वर्षं! आणि म्हणून झालं की ते त्याच मशीनसमोर जाऊन बसतात.

दुकानात शंभर जणांना टाकून दिलं, त्याचं काही वाटलं नाही. यांचं वाटतंय. लाज वाटतेय, सरळ लिहून टाकते.

१८ सप्टेंबर

युक्ती सुचली! त्यांच्या मशीनवर गुपचूप मिंट टाकायचं. भिंतीचं चित्र तेच, चिन्हं त्याच जागी. त्यांना कळणारही नाही. चोरीचं गेलं, दिलेलं आलं. न बोलता चूक दुरुस्त.

ललितला विचारलं नाही. तो म्हणेल, "सांगून टाक नं सरळ." सांगणं त्याला सोपं आहे. त्यानं नाही चिकटवलं स्टिकर.

२१ सप्टेंबर, रविवार

पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे विहारात. रविवारी मामाजी दहाला जातात, साडेबाराला येतात. तेवढा वेळ पुरतो.

सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. मिंट टाकलं. वीस मिनिटं! पिंपळाच्या पानाचं त्यांचं चित्र मागे लावलं, चिन्हं मांडली, हात झटकले. पुस्तकाची फाइल उघडली —

चौसष्ट पानं इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एक शब्द मराठी नाही. नऊ वर्षं, दोन बोटं, आणि समोर हे! खुर्चीत बसले आणि दोन मिनिटं नुसती पाहत राहिले.

मग डोकं चाललं. फॉन्ट! जुना मराठी फॉन्ट त्या विंडोजमध्ये होता, इथे नाही. उतरवलेल्या डिस्कमधून फॉन्ट आणून टाकला, आणि सगळी अक्षरं जागेवर आली. इतकं सुटल्यासारखं वाटलं की एकटीच हसले.

पण एक कळलं. त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालतो. फॉन्ट काढला की उघडं. आणि तो फॉन्टही असाच कोणाचा तरी उचलून आणलेला, माझ्याच हातानं. म्हणजे काम अर्धंच झालं.

मामाजी आले. मला त्यांच्या खुर्चीत पाहून विचारलं, काय करून राहिली? "व्हायरस पाहत होते."

एक खोटं मिटवायला आले आणि दुसरं बोलले. वा रश्मी!

२३ सप्टेंबर

"आजकाल लवकर सुरू होते हे," मामाजी म्हणाले. "पह्यले चहा होऊन जाये तोवर नोतं होत."

"साफ केलं, मामाजी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. चाळीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेला माणूस आहे तो.

२५ सप्टेंबर

जुन्या फॉन्टमधलं लिखाण खऱ्या मराठीत आणणारा एक छोटा प्रोग्राम सापडला. हाही फुकट, हाही उघडा. मामाजींना म्हटलं, छपाईसाठी फाइल सुधारून देते — हे तरी खरं होतं. चौसष्ट पानं त्यातून काढली. जवळजवळ सगळं आलं! आणि मग पहिल्याच पानावर पाहते तर "वऱ्हाड" मोडलेला. "तेल्हाऱ्याहून" मोडलेलं. "शेतकऱ्याचा", "दुसऱ्या दिवशी", "म्हाताऱ्या" — सगळे मोडलेले. आपला हा ऱ् त्याला माहीतच नाही! हिंदीसाठी बनवलेला असणार, हिंदीत हा प्रकार नाही.

दोनशे जागा हातानं दुरुस्त करता येतील. दोन दिवसांचं काम. पण माझ्या मनात आलं — बनवणाऱ्यालाच कळवलं तर?

कळवलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आम्ही राहतो ते वऱ्हाडच तुमच्या प्रोग्रामात बसत नाही, असं लिहिलं. पाठवल्यावर वाटलं, उगाच. कोण वाचणार अकोल्याच्या जठारपेठेतल्या बाईचं?

२७ सप्टेंबर

उत्तर आलं!!

कोण्या दूरच्या देशातला माणूस. नाव वाचता येतं, उच्चारता येत नाही. म्हणतो, मला मराठीतलं एक अक्षर कळत नाही, माझ्या मित्राच्या आजीची हिंदी पत्रं वाचता यावीत म्हणून हे केलं होतं. पन्नास शब्द पाठवाल का, चुकीचं आणि बरोबर, शेजारी शेजारी?

म्हणजे गोम ही! मित्राची आजी. ललितला सांगितलं तर त्यानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "आजी हाय का अजून?" ते विचारायचं राहिलं.

पन्नास मागितले, मी त्र्याऐंशी पाठवले. सगळे मामाजींच्या पुस्तकातून निवडून.

२ ऑक्टोबर, दसरा

ललितला जादा गाड्यांची ड्यूटी, नागपूरकडे. गुडघ्यांमुळे मामाजी यंदा नागपूरला दीक्षाभूमीवर गेले नाहीत. संध्याकाळी विहारात बोलले. नेहमीचंच — पुंजाजी कसे भाकरी बांधून निघाले, पायाला फोड आले तरी कसे थांबले नाहीत. मी अठरा वर्षं ऐकतेय. दरवेळी ऐकावंसं वाटतं. आज पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसले.

४ ऑक्टोबर

कालपासून तीन सीपीयू आले, तिन्ही दसऱ्याचे बळी! एकाच्या पेन ड्राइव्हच्या खाचेत अक्षता, एकाच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि एकावर तर कुंकवाचं पाणी शिंपडलेलं — थेट आत. मालक विचारतो, "लिनक्स टाकून हे नीट होईन का?" म्हटलं, दादा, कुंकू कुठल्याच सिस्टिमला चालत नाही.

लिनक्सचं नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी आलंय मात्र. आतापर्यंत अकरा मशिनींवर टाकलं. एक परत आला, हिशेबनीस आहे, त्याचं कामाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. चिडला होता, आणि त्याचं बरोबर होतं. आधी विचारायला हवं होतं मी. त्याला नवीन मशीनच घ्यावी लागेल.

५ ऑक्टोबर, रविवार

झालं. सगळं बाहेर आलं.

सकाळी मेल उघडला. नवी आवृत्ती आली होती प्रोग्रामची. पुस्तक परत त्यातून काढलं — वऱ्हाड जागेवर! तेल्हाऱ्याहून जागेवर! आणि खाली, मदत करणाऱ्यांच्या यादीत, शेवटून दुसरं: रश्मी, अकोला.

मी ओरडले. खरंच ओरडले, बेचाळीस वर्षांची बाई. मामाजी विहारात जायला निघाले होते, पांढरा सदरा घालून, ते लगबगीनं आले. काय झालं? मी बोटानं दाखवलं. त्यांनी वाकून वाचलं.

"तुहं नाव काहून हाय इथी?"

आता काय सांगणार? प्रोग्राम सांगायचा तर फॉन्ट सांगावा लागतो, फॉन्ट सांगायचा तर मिंट, मिंट सांगायचं तर स्टिकर. एकेक सांगत मागे मागे गेले. शेवटी सोळा सालापर्यंत पोचले. "मी खोटं बोलले, मामाजी. ते ओरिजनल नव्हतं. स्टिकर मी चिकटवलं." रडू आलं, ते दाबलं नाही.

ते खुर्चीत बसले. विहाराची वेळ टळून गेली तरी बसून. मग म्हणाले, "नऊ वर्षं. छप्पनचा इतिहास लिवला मी. चोरीच्या मशीनवर."

मी डोळे पुसले.

मग त्यांनी भलतंच विचारलं. "हे आताचं जे हाय, यात चूक सापडली तं कोनीबी सांगू शकते?"

"हो. मी सांगितली ना."

"अन् ज्यानं लिवलं त्याले राग नाई येत?"

"येत असेल. पण दुरुस्त करतो. सांगणाऱ्याचं नाव पण लावतो."

"अन् पह्यले चुकीचं होतं, हे लपवत नाई तो?"

"नाही. कधी काय चुकलं, कोणी केव्हा बदललं, सगळं लिहिलेलं राहतं. कोणीही पाहू शकतं."

"बरं," म्हणाले. उठले, टेबलाखाली वाकले आणि ते स्टिकर नखानं खरवडायला लागले. नऊ वर्षांचं चिकटलेलं, निघेना. मी मदतीला वाकले तर हातानंच नको म्हटलं.

६ ऑक्टोबर

बोलत नाहीत. मशीनसमोर बसलेही नाहीत. सकाळी पंचशील हळू आवाजात म्हटलं, आतल्या खोलीत.

७ ऑक्टोबर

पौर्णिमा. वर्षावासाची समाप्ती. विहारात खीर वाटली. मामाजींना बोलायला उभं केलं. दोन मिनिटं बोलले आणि बसले. पुंजाजींची गोष्ट सांगितलीच नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा! बायांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला माहीत असेल. मला माहीत आहेच. माझ्यामुळे. ज्या मशीनवर त्यांनी वडिलांचं नाव लिहिलं ती मी बाटवून ठेवली, आता कोणत्या तोंडानं सांगतील?

ललित म्हणतो, "बाबा दोन दिवसात ठीक होतीन." त्याचे बाबा आहेत, त्याला माहीत असेल.

९ ऑक्टोबर

आज चूक केली आणखी एक.

जेवताना म्हटलं, मामाजी, पुस्तकाचा कच्चा खर्डा छापायच्या आधी गावात पाठवू या का? पार्वताबाई आहेत अजून, त्या गेल्या होत्या ना नागपूरला, लहान असताना. आणखी दोन-तीन म्हातारी माणसं आहेत. त्यांनी पाहिलं तर काही राहिलं-सुटलं सापडेल. या लिनक्सवाल्यांचं असंच चालतं, जितके डोळे जास्त तितक्या चुका कमी...

"नाई," म्हणाले. ताटावरून हातच उचलला त्यांनी. "छापल्यावर पाह्यतीन."

इतक्या जोरात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. लिनक्सचं नाव काढायलाच नको होतं. जखमेवर मीठच चोळलं मी.

११ ऑक्टोबर, शनिवार

पंचवीस प्रती दुकानातल्याच प्रिंटरवर काढल्या. शिवून घेतल्या, निळं कव्हर लावलं. चौसष्ट पानं, एकही शब्द मोडलेला नाही. छान दिसतात. स्वतःचं केलेलं इतकं छान दिसलं नव्हतं मला बऱ्याच दिवसांत. पण दाखवायला घरी नेल्या तर मामाजींनी एक प्रत हातात घेतली, अकराव्या नावाचं पान उघडलं, मिटलं, परत दिली. "चांगलं झालं" एवढंच.

खुशालरावांचा फोन आला दुपारी. त्यांनी दर्यापूरच्या दोघांना सांगितलंय, ते येताहेत. "दोघाईले मीच समजावलं," म्हणाले, "ड्रायव्हर बदलला का गाडी धावते म्हून. पत्ते टाकजो पन आठवनीनं." हसले खूप दिवसांनी.

१२ ऑक्टोबर

मामाजी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसले. दोनदा चहा नेला. दोन्हीदा काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि बोलले नाहीत. परवा प्रकाशन. माझी चूक मला मान्य आहे, पण इतके दिवस? आता थोडा रागही यायला लागलाय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मामाजी दुकानात आले. गुडघे धरत, पायऱ्या चढून, एकटे. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभेच राहिले. मग म्हणाले, "रश्मी, एक चूक सांगाची हाय. पुस्तकातली."

"कुठे?"

"अकरावं नाव. काढ ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पुंजाजी?"

"माहा बाप नागपूरले गेलाच नोता. सालदार होता तो. मालकानं म्हटलं, गेला तं दारात उभा करनार नाई. भेला. मी साहा वर्षांचा होतो, ओसरीत बसला होता तो, मी पाह्यला. माय गेली. भाकरी बांधून, लोकायसंगं, एकटी." काउंटरला टेकले. "पह्यल्या भाषनात मी बापाचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मंग मांगं फिरताच आलं नाई, पन्नास वर्षं."

पंचवीस प्रती शेजारच्या खुर्चीवर होत्या. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. उद्या गावासमोर उभं राहून हे त्यांना स्वतः वाचायचं आहे. मी म्हटलं, सगळ्या परत काढू, होईल संध्याकाळपर्यंत. फाइल उघडली, अकरावं नाव पुसलं. कर्सर तिथेच लुकलुकत राहिला आणि मला पुढे काही टाइप करता येईना. अठरा वर्षं या घरात आहे मी. विचारावं लागलं.

"मामाजी, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"जमुना," ते म्हणाले.